गावमर्यादित

"उजवा गुडघा पुढं कर," मामा म्हणाले.

कासारपेठच्या शाळेच्या व्हरांड्यात ते माझ्यासमोर उकिडवे बसले होते. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, पण मोठा सामना असला की मामा माझ्या दोन्ही गुडघ्यांना स्वतःच्या हातानं पट्ट्या बांधायचे. त्या दिवशी उजव्या गुडघ्याची पट्टी त्यांनी दोनदा बांधून दोनदा सोडली. तिसऱ्यांदा बांधली तेव्हा विचारलं, "घट्ट झाली काय?"

"न्हाई. बरोबर आहे."

"मग बस जरा. वेळ हाय अजून."

बाहेर मैदानाच्या चारी बाजूंनी माणसं दाटली होती. हिंगणमाळ आणि तांबुळगाव, दोन्ही गावं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आली होती. पंचक्रोशी ढालीचा अंतिम सामना होता, साल एकोणीसशे एकोणऐंशी. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि हिंगणमाळचा पहिला चढाईपटू होतो.

हिंदुराव शेलार हे माझ्या आईचे थोरले भाऊ. वडील विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेले, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. आई मला कडेवर घेऊन पारेवाडीहून हिंगणमाळला माहेरी आली ती परत गेली नाही. मला चालायला वडिलांनी शिकवलं असेल. पळायला, दम धरायला आणि मध्यरेषेकडं झेपावायला मामांनी शिकवलं.

गावात कबड्डी आणली तीच मुळी मामांनी. एक्कावन्न साली त्यांनी आणि त्यांच्या सात-आठ मित्रांनी देवीच्या माळावरचे धोंडे वेचले, नदीकाठची माती पाट्यांनी डोक्यावरून आणली, त्यावर पाणी मारून बैल फिरवले आणि मैदान केलं. चार वर्षांनी कासारपेठेत ढालीचे सामने सुरू झाले. गावमर्यादित सामने, म्हणजे गावाच्या संघात गावचेच खेळाडू. तेव्हापासून चोवीस वर्षांत आम्ही पाच वेळा अंतिम सामन्यात गेलो आणि पाचही वेळा तांबुळगावकडून हरलो. अठ्ठावन्न साली मामा शेवटचे गडी होते. मध्यरेषा वीतभर राहिली आणि मागून कुणीतरी त्यांचा घोटा धरला. ती वीत मामा आयुष्यभर दाखवत राहिले. जेवताना, उसाच्या बांधावर, कुणाच्या लग्नाच्या मांडवात. अंगठा आणि करंगळी ताणून म्हणायचे, "एवढंच. एवढंच राहिलं बघ."

मी पट्ट्या बघत बसलो होतो, तेवढ्यात कर्ण्यावरून आवाज आला. "हिंगणमाळचे जालिंदर सावंत आणि तांबुळगावचे दस्तगीर शिकलगार यांनी पंचांच्या टेबलाकडे यावं."

मी मामांकडं बघितलं. ते पट्टीचा उरलेला तुकडा बोटाभोवती गुंडाळत होते.

"जा," ते म्हणाले. "आलोच मी."

टेबलामागं कुंभार गुरुजी बसले होते. निवृत्त शिक्षक, ढालीचे पहिल्यापासूनचे मुख्य पंच. समोर काही कागद आणि ते उडू नयेत म्हणून वर एक दगड. दस्तगीर माझ्याआधी पोचला होता. त्याला मी दोन वर्षं मैदानावर ओळखत होतो. उंच, सडसडीत, त्याची पकड करायची तर तिघं लागायचे. तांबुळगावच्या निम्म्या गुणांवर त्याचं नाव असायचं.

"तुम्हा दोघांच्या खेळण्यावर हरकत आली आहे," गुरुजी म्हणाले. "खेळाडू मूळचा त्या गावचा पाहिजे, असा नियम आहे. जालिंदर, शाळेच्या दाखल्यावर तुझं जन्मगाव काय?"

"पारेवाडी. पण गुरुजी, मी तीन वर्षांचा असल्यापासून इथंच आहे. सगळ्यांना माहीत आहे."

"वडिलांचं घर, जमीन?"

"पारेवाडीला. चुलत्यांकडं."

"हिंगणमाळला तुझ्या नावावर काही?"

माझ्या नावावर काहीतरी असायला पाहिजे, हे त्या दिवसापर्यंत माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दस्तगीरलाही त्यांनी तेच विचारलं आणि त्याचीही उत्तरं तशीच निघाली. तोही मामाकडंच वाढलेला. पण त्याचा मामा मौला, आडनावानं तोही शिकलगारच, टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता.

"गुरुजी, हे पोरगं माझ्या ताटात जेवतंय. माझ्या सहाणेवर विळ्यांना धार लावतंय. मग कुठलं म्हणायचं ह्याला? तुम्ही सांगा, मी तसं लिहून देतो. म्हणाल तिथं अंगठा देतो."

"मौला, मला कळतंय," गुरुजी म्हणाले. "पण नियम छापलेला आहे."

मी मागं वळलो. मामा चार पावलांवर हात पाठीमागं बांधून उभे होते.

"मामा, सांगा की गुरुजींना."

"नियम हाय, जालू," मामा म्हणाले. "पंचांपुढं आपण काय बोलणार?"

हेच मामा दोन वर्षांपूर्वी एका गुणासाठी मैदानात आडवे पडले होते आणि अर्धा तास सामना थांबला होता. मला वाटलं, वय झालं. मला वाटलं, मी खेळणार नाही म्हणून त्यांना इतका धक्का बसलाय, की शब्द फुटत नाहीत. मला त्यांचीच कीव आली.

गुरुजींनी आम्हा दोघांच्या नावांवर रेघ मारली.

मी बनियन काढला आणि म्हादूला दिला. तो राखीव होता, माझ्या जागी तो उतरला. आपल्या माणसांत उभं राहून सामना बघणं मला जमेना, म्हणून मी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं दस्तगीर आला आणि हातभर अंतर ठेवून बसला. सामना सुरू झाला होता.

"बरं झालं तुमच्या गावाला," तो म्हणाला.

"आमच्या? अर्ज तुम्ही केला आणि बरं आमचं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "आम्ही कशाला करू? आमच्याकडं मी सोडून चढाईला आहे कोण? मला बसवायला आमचंच गाव अर्ज देईल?"

"मला बसवायला दिला असंल. तुझं नाव त्यात आपोआप आलं."

"जालिंदर, काल सकाळी गुरुजींचा निरोप आला मामूला. हिंगणमाळची हरकत आलीय, काय कागद असतील ते घेऊन या, म्हणून. मामू तेव्हापासून हिंडतोय. तलाठ्याकडं गेला, शाळेत गेला, पाटलांकडं गेला." तो थांबला. "तुझ्या मामांना पण निरोप गेला असंल की. तुला काही बोलले न्हाईत?"

मी भिंतीवरून उतरलो. "हरायला लागलाय म्हणून काहीबाही बोलू नको," म्हणालो आणि चालत मैदानाच्या पलीकडच्या बाजूला गेलो.

पण ते हरायलाच लागले होते. दस्तगीरशिवाय तांबुळगावची चढाई म्हणजे नुसतं रेषेवर येऊन परत जाणं. आमचं मात्र तसं नव्हतं. बचाव ही आमची खरी ताकद होती, आणि बचावातले सगळे जागेवर होते. उजव्या कोपऱ्यात बापू खोत, त्याच्याशेजारी साखळीला लोहाराचा धोंडीराम. मामांनी त्यांना वर्षभर एकच शिकवलं होतं, घाई करायची नाही. म्हादूनं सबंध सामन्यात तीन गुण आणले, तेवढे पुरले. शेवटच्या मिनिटाला सोळा-चौदा असताना तांबुळगावचा गडी खोल शिरला आणि बापूनं त्याचा घोटा धरला. मध्यरेषा त्याच्यापासून चांगली तीन हात लांब होती.

शिट्टी झाली तसे मामा मैदानात धावले आणि गुडघ्यांवर बसले. दोन्ही मुठींत माती घेऊन ते लहान मुलासारखे रडत होते. मीही धावलो. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला कसलाच राग नव्हता. चोवीस वर्षांनी ढाल आमच्याकडं येत होती. मी बापूला खांद्यावर घेतलं.

गावात हलगी लावून मिरवणूक निघाली. देवीच्या माळावर फोटो काढायचा ठरला. मी धोंडीरामाशेजारी उभा राहिलो. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यातून बघितलं, आणि तो काही म्हणायच्या आत मामाच म्हणाले, "जालू, जरा बाजूला हो. खेळले तेवढेच पाहिजेत."

मी बाजूला झालो. तेही मला बरोबरच वाटलं.

पण दस्तगीरचं बोलणं डोक्यातून जाईना. चौथ्या दिवशी कासारपेठचा बाजार होता. आईनं मिरच्या आणायला सांगितल्या होत्या. मी पिशवी घेऊन आधी कुंभार गुरुजींच्या घरी गेलो. ते अंगणात वर्तमानपत्र वाचत बसले होते. मला बघून त्यांनी घडी घातली.

"मला वाटलंच होतं, येशील म्हणून," ते म्हणाले.

"गुरुजी, हरकत कुणाची होती?"

"हे सांगायची पद्धत नाही."

"तांबुळगावची होती?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग आत गेले आणि एक कागद घेऊन आले. माझ्या हातात दिला नाही, माझ्यासमोर धरला. अक्षर बघून मला पुढचं वाचायची गरज नव्हती. याच अक्षरात माझ्या शाळेच्या पुस्तकांवर दर वर्षी माझं नाव घातलेलं असायचं. तरी मी वाचलं. तांबुळगावचे दस्तगीर शिकलगार हे त्या गावचे मूळ रहिवासी नसून मामाकडे राहतात, सबब त्यांना खेळू देऊ नये. आणि खाली, वेगळ्या परिच्छेदात: 'आमच्या संघातील जालिंदर सावंत हाही आमच्या गावचा नसून माझ्या घरी पाहुणा म्हणून राहतो. नियम सर्वांना सारखा असावा, म्हणून हे आम्ही स्वतःहून कळवीत आहोत.' सही, हिंदुराव बाबाजी शेलार. तारीख सामन्याच्या दोन दिवस आधीची.

"मी त्यांना तीनदा विचारलं," गुरुजी म्हणाले. "पोराला ठाऊक आहे का, म्हणून विचारलं. हो म्हणाले."

मिरच्या न घेताच मी परत आलो. मामा मळ्यात उसाला दारं धरत होते. मला बांधावर बघून त्यांनी हातातलं खोरं जमिनीत रोवलं. मी कुठून आलोय हे त्यांना तोंड बघूनच कळलं असावं.

"गुरुजींनी दाखवला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बस."

"उभा बरा आहे."

पाणी एका सरीतून वाहून पुढच्या सरीत फुटत होतं. त्यांनी ते बघितलं, पण ते जागचे हलले नाहीत.

"हे बघ, जालू. तू हिशोबानं बघ. दस्तगीर असता तर आपण सहाव्यांदा हरलो असतो. तू असतास तरी हरलो असतो. त्यांचा तो गेला की त्यांच्याकडं काय उरत नव्हतं. आपला तू गेलास तरी बचाव उरत होता. एक द्यायचा आणि एक घ्यायचा. दुसरी वाट नव्हती."

"मग मला सांगायचं. मी खेळत न्हाई म्हणालो असतो. पाय मुरगळलाय म्हणून सांगितलं असतं."

"तू नुसता बसून काय उपयोग? त्यांचा बसायला पाहिजे होता. त्याला नियम लावायचा तर आधी तो आपल्याला लावून दाखवायला लागणार. तरच पंच मानणार."

"तरी सांगायचं. मी स्वतः टेबलापुढं जाऊन म्हणालो असतो, मी पारेवाडीचा आहे म्हणून. ढालीसाठी म्हणालो असतो."

मामा खाली बघायला लागले. "ठाऊक हाय मला. तू म्हणाला असतास."

"मग का न्हाई सांगितलं?"

त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "विचारलं असतं, आणि तू न्हाई म्हणाला असतास तर? शंभरात एकदा का होईना. तेवढी पण जोखीम मला नको होती."

"आणि त्या दिवशी पट्टी कशाला बांधली?"

मामा खोऱ्याच्या दांड्यावरची माती अंगठ्यानं खरवडायला लागले.

"पाहुणा लिहिलंय तुम्ही," मी म्हणालो. "सोळा वर्षं झाली मामा."

"कागदावर काहीतरी लिहायला लागतंय, जालू. कागदाचं काय एवढं?"

"खोटं लिहिलंय म्हणा. एवढं म्हणा, मी जातो."

मामांनी खोरं उपसलं आणि फुटलेली सरी बांधायला लागले. मी थांबलो होतो. ते बांधत राहिले. सरी बांधून झाली तरी त्यांनी मान वर केली नाही, मग मी निघालो.

घरी आई जोंधळे पाखडत होती. मिरच्या कुठं आहेत, म्हणून तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही, पण हात थांबले.

"दादानं लिहिलं?"

"त्यांच्याच हातचं आहे."

"माझं लगीन झालं तेव्हाच माझं नाव ह्या गावातनं गेलं," ती म्हणाली. "तुझं कधी आलंच नव्हतं. मला वाटलं, दादा ते कधी बोलायचा न्हाई." नंतर तिनं राहिलेले जोंधळे नीट पाखडले, डब्यात भरले आणि झाकण लावलं. सोळा वर्षं तिनं त्या घरात पहाटेपासून राबून खाल्लं होतं. भावानं तिला एका शब्दानं कधी दुखवलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला हे झेपलं नाही.

दोन महिन्यांत मला सांगलीला एका कारखान्यात काम मिळालं. ते खेळामुळंच मिळालं, कारखान्याचा संघ होता. आईला घेऊन मी गेलो. मामा आम्हाला गाडीवर सोडायला आले. वळकटी टपावर चढवली, थोरले असून आईच्या पाया पडले. मला म्हणाले, "ढालीला येशील न्हवं?" मी म्हणालो, बघू.

पुढच्या वर्षी तांबुळगावचं अख्खं गाव कासारपेठला गेलं आणि पंचांसमोर बसून राहिलं. दहा वर्षं गावात राहिलेला माणूस गावचाच, असा नियम करून घेऊनच ते उठले. दस्तगीर पुन्हा खेळला, आणखी सहा वर्षं. त्यांनी ढाल परत नेली. मला हिंगणमाळहून दर वर्षी निरोप यायचा, कधी बापू स्वतः यायचा. मी गेलो नाही. कारखान्याकडून अकरा वर्षं खेळलो, पण मोठ्या सामन्याआधी पट्ट्या बांधायची सवय मात्र मोडली. उघड्या गुडघ्यांनी खेळायचो.

मामा चौऱ्याण्णव साली गेले. मी मातीला गेलो होतो. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

दोन हजार एक साली मंडळाला पन्नास वर्षं झाली. बापू खोताचा थोरला मुलगा प्रशांत तिथल्या हायस्कुलात शिक्षक आहे. तो सांगलीला माझ्या घरी आला. मंडळाचा इतिहास छापणार होते. त्यानं बरोबर हस्तलिखित आणलं होतं. जुन्या माणसांना भेटून, तारखा जुळवून, फार मेहनतीनं लिहिलं होतं त्यानं. धोंडे वेचल्याचं होतं, नदीकाठच्या मातीचं होतं, अठ्ठावन्नची ती वीतसुद्धा होती.

"एकोणऐंशीचं पान तुम्ही एकदा बघा, काका," तो म्हणाला. "तुमच्याबद्दल आहे."

मी वाचलं. लिहिलं होतं: 'या विजयाचे खरे श्रेय जालिंदर सावंत यांचे. प्रतिस्पर्धी संघाचा बाहेरचा खेळाडू नियमाने बाद व्हावा, यासाठी त्यांनी मामांकडे जाऊन स्वतःहून आपली जागा सोडली. गावासाठी एवढा मोठा त्याग दुसऱ्या कुणी केला नाही.'

"हे तुला कुणी सांगितलं?"

"हिंदुराव आजोबांनी. मी लहान असताना कितीदा सांगायचे. देवळात बसले की सांगायचे. भाचा माझ्याकडं आला आणि म्हणाला, मामा, मला बसवा पण ढाल आणा. सांगताना रडायचे. काका, आमच्याकडं शाळेत मुलांना तुमची गोष्ट सांगतात."

माझी बायको चहा घेऊन आली होती. ती ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली, कारण तिला खरं ठाऊक होतं.

मला त्या क्षणी मळ्यातले मामा दिसत होते, खाली मान घालून सरी बांधणारे. मी जे केलं असतं म्हणालो होतो, ते त्यांनी ऐकून घेतलं होतं. ऐकून ठेवलं होतं. आणि पंधरा वर्षं ते मी केलं म्हणून सांगत होते. कदाचित शेवटी शेवटी त्यांचा त्यावर विश्वासही बसला असेल. पण मला ते करायची संधी त्यांनीच दिली नव्हती, आणि आता ते केल्याचं मोठेपणही त्यांनीच देऊन टाकलं होतं. माझ्याकडं नाकारायला काही उरू नये अशी व्यवस्था करून ते गेले होते.

"हे काढ, प्रशांत," मी म्हणालो.

"का? बरोबर नाही?"

"मला कुणी विचारलं नव्हतं. एवढंच लिही. जालिंदर सावंत यांना न विचारता बसवलं."

त्याचा चेहरा पडला. त्यानं ते पान उलटं करून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "काका, आजोबांचा फोटो पहिल्या पानावर आहे. मैदानाला त्यांचं नाव देतोय आम्ही."

"द्या. मैदान त्यांनीच केलंय. त्यात खोटं काही नाही."

"बघतो," तो म्हणाला. चहा पिऊन, वाकून नमस्कार करून गेला.

तीन महिन्यांनी पुस्तक टपालानं आलं. जाड कागद, रंगीत मुखपृष्ठ. मी एकोणऐंशीचं पान काढलं. प्रशांतनं एक अक्षरही बदललं नव्हतं. त्यागाचं वाक्य होतं तसंच होतं, फक्त शेवटी माझं नाव ठळक करून पुन्हा छापलं होतं, आणि नावापुढं कंसात गाव लिहिलं होतं: हिंगणमाळ.